गुलजारभाईंचा बाटलीभर महासागर

बुधवार पेठेतले गुलजारभाई गोटी सोडा भरण्यात पटाईत. पण लोक आता प्लास्टिकच्या बाटल्या पीत. दिवसाकाठी दोन सोडे खपले तर खपले. "दुकान बंद करा आणि विश्रांतवाडीला मुलीकडे चला," हे त्यांच्या बायकोचं, सकीनाचं टुमणं रोजचं होतं. तिचंही काही चुकत नव्हतं म्हणा.

अशात कोथरूडच्या एका संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ शरच्चंद्र कानडे दुकानात आले. कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायचा आणि समुद्राच्या तळाशी हजार वर्षं डांबून ठेवायचा, अशी त्यांची योजना. पुण्याला समुद्र नाही, हे संस्थेच्या लक्षात आलं ते योजना मंजूर झाल्यावर. प्रयोगाची टाकी तर कागदावरच. मग गुहागरहून एसटीने कॅनभर खारं पाणी आलं.

"पाण्यात गॅस कोंडून ठेवणारं तुमच्याशिवाय पुण्यात आहे कोण?" कानड्यांनी विचारलं.

गुलजारभाईंची छाती फुगली. त्यांनी खाऱ्या पाण्यात तो गॅस दाबून भरला आणि गोटी तोंडाशी घट्ट बसवली. कानड्यांनी बाटलीवर चिठ्ठी डकवली : 'महासागर, नग एक'. वर्षभर गॅस टिकला, तर गुलजारभाईंना कायमची नोकरी, तीही आपल्याच दुकानात बसून.

वर्षभर त्यांनी ती बाटली जिवापाड जपली. तिच्याभोवतीचा बर्फ रोज बदलला, नातवंडांना जवळ फिरकू दिलं नाही. तपासणीच्या दिवशी संस्थेत जाताना महासागराला धक्का लागू नये म्हणून रिक्षावाल्याला खड्डे चुकवायला लावले. पुण्यात हे जमलं, हीच खरी कमाल.

तपासणी समितीचे अध्यक्ष भर उन्हातून तीन जिने चढून आले. समोर गुलजारभाई, हातात बाटली. अध्यक्ष घाम पुसत म्हणाले, "घसा अगदी कोरडा पडलाय हो."

चाळीस वर्षांचा सराईत हात तो. डोक्याला विचारायला थांबला नाही. अंगठ्याने गोटी दाबली, फस्स झालं आणि बाटली अध्यक्षांच्या हातात गेली.

कानडे हात पुढे करून धावले, तोवर उशीर झाला होता. अध्यक्षांनी डोळे मिटून महासागर संपवला आणि दणदणीत ढेकर दिली. हजार वर्षांसाठी कोंडलेला गॅस कोथरूडच्या हवेत मिसळला.

"मीठ जरा सढळ आहे, पण वा! आणखी एक आहे का?"

नोकरी गेली, दुकानही गेलं, हे गुलजारभाईंना कळून चुकलं होतं. पण कितीतरी वर्षांनी कुणीतरी दुसरी बाटली मागत होतं. त्यांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

"नाही हो साहेब," ते म्हणाले, "समुद्र एवढाच होता."