गेणभाऊंचा टॉवेल-नारळ

गेणभाऊ शेती करतात असं सातबारा म्हणतो. पण अवसरी बुद्रुकच्या आसपास कुणालाही विचारा, त्यांचं खरं काम रुसलेल्या माणसाला उठवणं. आमच्याकडे रुसायला कारण लागत नाही, लग्न असलं की पुरतं. व्याह्याला पाणी उशिरा मिळालं, रुसला. मामाचं नाव माइकवरून घ्यायचं राहिलं, रुसला. एक आत्याबाई तर आपला रुसवा काढायला कुणी येईना म्हणून नव्यानं रुसल्या होत्या. अशा वेळी मोटारसायकल धाडून गेणभाऊंना आणायचं.

त्यांची कापडी पिशवी कायम खुंटीला तयार. आत पांढरा टॉवेल, टोपी आणि नारळ. बंद दाराशी ते मांडी घालून बसायचे आणि रुसवा सोडून सगळं बोलायचे. टोमॅटोचा बाजार, म्हशीचं पोट, शेजाऱ्यानं नुकतीच राखलेली दाढी. आतून हुंकार यायला लागला, दार किलकिलं झालं की नारळ टॉवेलात गुंडाळून आत सरकवायचे.

"रुसलेला माणूस रिकाम्या हातानं बाहेर आला तर हरल्यासारखा दिसतो," ते म्हणायचे. "हातात मान पायजे."

मग तो माणूस नारळ छातीशी धरून बाहेर यायचा, गेणभाऊंच्या हातात द्यायचा, वयानं लहान असला तर वाकून पाया पडायचा. नारळ मधेच खाली ठेवायचा नाही. खाली ठेवला म्हणजे मान नाकारला, आणि भांडण पहिल्यापासून सुरू.

त्यांच्या मालकीणबाई अंबाबाई म्हणायच्या, "दुनियेचे रुसवे काढत्यात. माझ्या रुसव्याला आजवर नारळ आला न्हाई."

"तू आतून कडी लावत न्हाईस," गेणभाऊ म्हणायचे. "मला कळावं कसं?"

गोरखला त्यांनी असंच एकदा बाहेर काढलं होतं, तेही त्याच्याच लग्नात. ओतूरच्या कार्यालयात मुहूर्त जवळ आलेला आणि नवरदेव भांड्यांच्या खोलीत, आतून कडी. कारण एवढंच, की त्याच्या विधवा आईला, जानकाबाईला, कुणीतरी पहिल्या रांगेतून उठवून मागं बसवलं होतं. गेणभाऊंनी आधी जानकाबाईला पुढच्या सोफ्यावर बसवलं आणि मगच नारळ आत दिला. मुंडावळ्या बांधलेला गोरख नारळ छातीशी धरून आला आणि भटजींच्या आधी गेणभाऊंच्या पाया पडला.

हा गोरख नारायणगावच्या मार्केटला पिकअप चालवायचा. डोकं तापट, मन लोण्याचं. यंदाच्या उन्हाळ्यात चुलतभाऊ मोहितशी बांधावरून जुंपली. मोहित जानकाबाईला नको ते बोलला आणि गोरखनं कोयता चालवला. मोहितला रक्तबंबाळ अवस्थेत दवाखान्यात नेलं. गोरख पळाला नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत शिरला आणि लोखंडी दार आतून लावून बसला.

पोलीस आले. कुणीतरी सांगितलं, त्याच्याकडं गावठी कट्टा आहे, मोबाइलच्या स्टेटसला फोटो होता. फोटो खरा होता. कट्टा दुसऱ्याच कुणाचा होता, पण ते फोटोत कुठं दिसतं? त्यात पोलीस दाराकडं सरकले तसा खोलीच्या झरोक्यातून काहीतरी उडालं आणि ढामकन आवाज झाला. सगळे उसात आडवे. मी आडवा, माझ्या शेजारी सरपंच आडवे. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही एका पातळीवर आलो.

"सायेब, सुतळी बॉम्ब हाय त्यो!" लोक ओरडले. बिबट्या हाकलायला आमच्याकडं मोटारीच्या खोल्यांमधून फटाके ठेवलेले असतातच.

पोलिसांचा साहेब माणूस वाईट नव्हता. उसाच्या पाचटानं त्याचे हात चराचरा कापले होते. तो म्हणाला, "असेल. आणि नसला तर? माझी पोरं पुढं आहेत."

मग त्यानं विचारलं, "हा ऐकतो कुणाचं?"

अख्ख्या वस्तीनं एकच नाव घेतलं.

गेणभाऊ आले ते पिशवी घेऊनच. बांधावरच्या हवालदारानं ती तपासली, नारळ कानाशी हलवून बघितला आणि परत दिला. बंदुका घेतलेले शिपाई विहिरीच्या पलीकडं होते. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. टॉवेल-नारळ ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असं कुणाला वाटलंच नाही.

"हात वर करून, रिकाम्या हातानं बाहेर यायला सांगा," साहेब म्हणाला. गेणभाऊंनी मान हलवली आणि दाराशी जाऊन मांडी घातली. लांब चिंचेखाली जानकाबाईला दोन बायांनी धरून ठेवलं होतं.

"गोरख, त्या म्हशीनं आज बी दूध चोरलं बघ."

गोरखनं आतून विचारलं, "भाऊ, मोहित मेला का?"

"जिता हाय. दवाखान्यात च्या मागतोय."

चहाचं त्यांनी मनानंच घातलं होतं.

"बाहेर आलो तर मारतील."

"मी दारात बसलोय न्हवं? मला वलांडून मारतील व्हय?"

आतून रडण्याचा आवाज आला. "समद्या गावापुढं हात वर करून कसा येऊ? आई बघतीय."

गेणभाऊंनी एकदा विहिरीकडं बघितलं, एकदा चिंचेकडं. मग हात पिशवीत गेला. एवढी वर्षं जातो तसाच गेला.

"एक हात वर कर. दुसऱ्यात मान घे," असं म्हणत त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला नारळ झरोक्यातून आत दिला. "ये, लेकरा."

कडी निघाली. गोरख उन्हात आला. एक हात वर, दुसरा छातीशी, त्यात पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी.

"खाली टाक!" विहिरीपलीकडून आवाज आला. "हातातलं खाली टाक!"

गोरखनं गेणभाऊंकडं बघितलं. गेणभाऊंना तेव्हा कळलं.

"टाक, टाक खाली!" ते ओरडले.

गेणभाऊ मान खाली टाकायला सांगतात, हे गोरखला खरं वाटेना. तो गोंधळून हसला. पटकन पुढं आला आणि नारळ द्यायला, पाया पडायला वाकला.

गोळ्या सुटल्या. नारळ घरंगळत विहिरीच्या कठड्यापर्यंत गेला. फुटला नाही.

चौकशी झाली. साहेबानं जबाब दिला, हवालदारानं दिला, गेणभाऊंनीही दिला. मोहित घरी आला आणि ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसू लागला. गेणभाऊ घरात गेले आणि त्यांनी आतून कडी लावली.

अंबाबाई दाराबाहेर. "आता लावली कडी," त्या म्हणाल्या, "आता मी कुणाला बोलवू?"

गावानं आपल्या परीनं केलं. सरपंच म्हशीवर बोलून गेले, मी टोमॅटोवर बोललो. आतून हुंकारसुद्धा येईना. एक शहाणा टॉवेल-नारळ घेऊन आला, त्याला अंबाबाईंनी खराटा घेऊन वेशीपर्यंत घालवला. ताट दारात ठेवायचं आणि तसंच उचलायचं. माणूस आत वाळत चालला होता.

मग जानकाबाई आली. आम्ही बाजूला झालो. ती उंबऱ्याशी बसली. बाजार नाही, म्हैस नाही. तिनं दोन्ही तळवे दाराच्या फटीसमोर धरले.

"गेणभाऊ, दार उघडा. माझ्या हातात काय न्हाई, बघा."

बऱ्याच वेळानं कडी वाजली. दार हातभर उघडलं. आतला माणूस ओळखू येत नव्हता.

"माझं लेकरू शेवटचं तुमच्याशीच बोललं," ती म्हणाली. "काय म्हणलं?"

गेणभाऊंनी दाराची चौकट धरली.

"आई बघतीय म्हणला."

जानकाबाईनं तळवे मांडीवर ठेवले.

"बघत व्हते," ती म्हणाली. "समदं बघितलं."