अर्जदार इंदूबाई

इंदूबाई आठवडी बाजारात लसूण-अद्रक विकायची. आर्णीपासून तासाभरावरचं ते छोटं शहर. आजूबाजूच्या खेड्यांतून शे-दीडशे बाया तिथं दुकान मांडायला यायच्या आणि सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत, कारण जायला जागा नव्हती. मागे नाला, नाल्यात बेशरमाची झाडं, आणि पुलाच्या कठड्यावर खर्रा चघळत बसलेले पुरुष.

एका बाजारी सुखीबाई नावाची म्हातारी नाल्यात उतरताना घसरली. खुबा मोडला. पुलावरून एकजण ओरडला, "आजी, पोहून राह्यली का?" बाकीचे हसले. तिला काढायला दोघीच खाली उतरल्या, इंदूबाई आणि तिच्या शेजारी बसणारी बांगडीवाली अकीला. सुखीबाई पुन्हा चालली नाही.

इंदूबाईनं पोरीकडून, पायलकडून, अर्ज लिहून घेतला. बाजारात बायांसाठी संडास पाहिजे, एवढाच. नगरपंचायतीतला बाबू म्हणाला, "तुमच्या एकटीच्या म्हणण्यानं होते का?" तिनं बाजारभर फिरून एकाहत्तर सह्या-अंगठे आणले. पहिली सही अकीलाची.

दोन वर्षं ती दर सोमवारी जात राहिली. बजेट करायच्या आधी नागरिकांच्या सूचना घेतात असं कोणी सांगितलं, तर तिनं सूचनाही लेखी दिली. सभेत बाहेरच्यांना बसता येतं, बोलता येत नाही. दोन सभा ती गप्प बसली. तिसऱ्या सभेत उभी राहिली, तर शिपायानं दंडाला धरून बाहेर नेलं.

"कायले पडतं या भानगडीत?" नवरा धर्मपाल म्हणाला. "ते लोक तुले सोडणार नाहीत."

"काय करतीन? मारतीन?"

मारलं नाही. संडास बांधून दिला.

उद्घाटनाला तिला खास निरोप आला. चौदा एप्रिलला नेसायची ती पांढरी साडी नेसून ती गेली. बाजारातल्या सगळ्या बाया जमल्या होत्या. नगरसेवक राजकुमारनं फीत कापली, नारळ फोडला आणि माईकवर म्हणाला, "हे ज्यायच्यामुळं झालं, त्या इंदूमावशीचा सत्कार करू." ती पुढे झाली. त्यानं तिच्या हातात झाडू दिला. झाडूला झेंडूचा हार घातलेला होता.

"मावशीनं मांगितलं, आता मावशीच साफ ठेवतीन!"

टाळ्या पडल्या. फोटो निघाले.

इंदूबाईनं माईकशिवाय विचारलं, "सह्या एकाहत्तर हायेत, साहेब. पहिली अकीलाची हाय. झाडू मलेच काहून?"

राजकुमार हसला. "मावशी, तुम्हाले तर सवय असन ना."

लोक मोठ्यानं हसले. बायाही हसल्या. अकीला खाली पाहत होती.

"माह्या सासऱ्यानं छप्पन साली मेलेली ढोरं ओढाचं सोडलं," इंदूबाई म्हणाली. झाडू जमिनीवर ठेवून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी चौकात बॅनर लागलं. झाडू धरलेली इंदूबाई, खाली 'आमची स्वच्छतादूत'. यवतमाळला नर्सिंग शिकणाऱ्या पायलच्या वर्गाच्या ग्रुपवर तो फोटो आला. कोणीतरी त्याच्याखाली लिहिलं, 'पायलची मम्मी कामाला लागली.' त्या दिवाळीत पायल घरी आली नाही.

संडासाला सफाई कामगार कोणी नेमलाच नाही. तीन बाजारांत तिथं पाय ठेववेना. बाया इंदूबाईकडे पाहून नाकाला पदर लावू लागल्या. अखेर अकीलाच म्हणाली, "एवढं भांडून आणलं, अन् दोन बादल्या पानी टाकाले तुहा जीव जाते का?"

"तू टाक. मी तुह्यासोबत टाकतो."

"मी?" अकीला म्हणाली. "आमच्यात नाही करत वो तसं काम."

पुढच्या आठवड्यात दाराला कुलूप लागलं. वर कागद होता, 'अर्जदाराच्या असहकार्यामुळे बंद.' बाया परत नाल्यात उतरू लागल्या. इंदूबाईनं नवा अर्ज केला, पगारी कामगार नेमा म्हणून. तो घेऊन ती पुन्हा बाजारभर फिरली. एकीनंही सही केली नाही. महिन्याभरानं टपालानं उत्तर आलं की मागणीस नागरिकांचा पाठिंबा नसल्यामुळे अर्ज निकाली काढला आहे.

तिच्या जागेवर तोवर दुसरीनं पाल टाकलं होतं. उठ म्हणायला कोणी तिच्या बाजूनं आलं नाही. मग ती डोक्यावर टोपली घेऊन कॉलनीत दारोदार लसूण विकू लागली.

एका घरची बाई फाटकाशी आली, तिच्याकडे निरखून पाहत म्हणाली, "तूच ना ती बॅनरवाली? बरं झालं आली. आमची मोरी तुंबली हाय. चल, मांगच्या दारानं ये."

इंदूबाईनं उतरवलेली टोपली पुन्हा डोक्यावर घेतली.

"लसूण हाय माह्याजवळ," ती म्हणाली. "घ्याचा हाय का?"

फाटक लागलं.