लिंबाला भिणारा दगड

कलिंगड वाजवून बघावं तसा तो प्रत्येक लादीवर टिचकी मारायचा आणि मगच बोलायचा. नव्या फ्लॅटच्या ओट्यासाठी आम्ही मोशीतल्या त्याच्या संगमरवराच्या दुकानात गेलो होतो.

"मुळात ही चुनखडीच, वहिनी. जमिनीच्या पोटात दाबून, भाजून अशी झाली. तापल्या कढईला भ्यायची न्हाई. फकस्त लिंबाचा थेंब पडू देऊ नका, डाग पडतो."

"मग पोह्यांवर काय पिळू?" बायकोने विचारलं. "तुमच्या घरी कसला ओटा आहे?"

लादीवरून मायेने हात फिरवत तो म्हणाला, "ग्रॅनाइटचा. आमच्या मंडळींनी माझं कवा ऐकलंय?"

त्याच्या या खरेपणावर भाळून आम्ही संगमरवरच घेतला. आता घरातली लिंबं मी बाल्कनीत उभा राहून कापतो.