दोन कुलपांच्या खोलीतलं यंत्र

आंबेनळीच्या पायथ्याला आमची वाडी, आणि वाडीची आशा सेविका मी. करोनाच्या दुसऱ्या लाटेत सरकारी जीपमधून एक खोकं आलं. हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र, परदेशातून मदत म्हणून पाठवलेलं. वर कुठल्याशा देशाचा झेंडा. तालुक्याच्या साहेबांनी मला अर्ध्या तासात ते चालवायला शिकवलं, सही घेतली, "गावाने सांभाळा" म्हणाले आणि गेले.

आता सांभाळायचं म्हणजे आमच्याकडे एकच रीत. जेवणावळीची भांडी देवळाशेजारच्या खोलीत असतात आणि त्या खोलीला दोन कुलपं. एक चावी गावप्रमुखांकडे, दुसरी गावाच्या मुंबई मंडळाच्या सेक्रेटरीकडे, म्हणजे कुणी एकट्याने हात मारायला नको. यंत्रही तिथेच ठेवा, असं बैठकीत मीच सुचवलं. कुणी वजनदार माणूस ते घरी उचलून नेईल, अशी धास्ती होती. "सून हुशार हाय," सगळे म्हणाले, आणि मी फुशारले. सेक्रेटरी तेव्हा आईला भेटायला गावात आला होता. दोन दिवसांनी मुंबईला परतताना सवयीने चावी खिशात घालून गेला.

आठवड्याने माझ्या मोठ्या जाऊबाईंना धाप लागली. सकाळी बोटाला मशीन लावलं, आकडा ऐंशी. महाडहून गाडी यायला दीड तास होता. मी धावत गावप्रमुखांकडे गेले. त्यांनी आपलं कुलूप उघडलं. सेक्रेटरीचा फोन बंद.

"तोडा ते दुसरं," मी म्हटलं.

"मंडळाचं कुलूप हाय गो. तोडलं तर मुंबईवाल्यांना काय तोंड दाखवू? थांब जरा, लागंल फोन."

आणि मी थांबले. भांडले, नाय नाय ते बोलले, पण थांबले. पायाशी दगड पडला होता. तो उचलायचा सोडून मी पायरीवर बसून नंबर फिरवत राहिले. माझी मलाच अजून चीड येते. जाऊबाई गाडीतच गेल्या, पोलादपूर यायच्या आत.

पुढच्याच आठवड्यात गावप्रमुख आडवे झाले. त्यांच्या मुलाने कुणाला विचारलं नाही, सरळ पहार घातली. यंत्र मीच लावलं. तीन दिवस उशाशी बसले. ते वाचले.

त्या यंत्राची घरघर कानातून जात नाही. भात रटरटायला लागला तरी ती ऐकू येते, आणि तिच्यामागे जाऊबाईंची धाप. मी गॅस बंद करते, तरी धाप चालूच असते.

गावप्रमुख भेटले की चारचौघांत सांगतात, "हिच्यामुळं जगलो मी." यंदाच्या शिमग्यालाही सांगितलं. जाऊबाईंची लेक शेजारीच उभी होती. घरी येताना तिने विचारलं, "काकी, ते कुलूप तुटायला किती वेळ लागला?"

खोटं बोलावंसं फार वाटलं.

"एक घाव," मी म्हटलं.