काचेच्या दारापुढचा उंबरा

गेल्या उन्हाळ्यात, एका गुरुवारी सकाळी, सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये वडिलांच्या खोलीसाठी काचेचं दार आलं. ते बसलं नाही. दार दीड इंच उंच निघालं. माप चुकलं नव्हतं. माप घेतल्यानंतर खालची जमीन दीड इंच वर आली होती.

वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पक्षाघातानंतर ते डावा पाय ओढत, वॉकर धरून चालतात. खोलीचं दार उघडं ठेवणं त्यांना मंजूर नाही. हिवाळ्यात ते बंद दाराआड पडले आणि आत उघडणारं लाकडी दार त्यांच्याच अंगाला अडलं. खिडकीचे गज कापून आत जावं लागलं. म्हणून आरपार दिसणारं, बाहेर उघडणारं दार ठरलं. जुना उंबरा वॉकरला अडायचा, तोही काढून फरशी सपाट केली.

"मी काय सर्कशीतला वाघ हाय?" वडील म्हणाले. "येणारा-जाणारा बघत बसंल." त्यावर मधला पट्टा दुधी आणि खालची काच स्वच्छ, असा तोडगा निघाला.

बुधवारी मी कामावर असताना वाईहून आत्या आली. वडिलांची थोरली बहीण. तिने आईला विचारलं, "उंबरा कुटं हाय?"

"काढला, वन्सं."

"बिनउंबऱ्याच्या खोलीत माणूस निजवतीस व्हय? लक्ष्मी थांबंल का हितं?"

वरच्या मजल्यावर गवंडीकाम चालू होतं. दुपारपर्यंत काळ्या दगडाची पट्टी सिमेंटात बसली. दोघींनी तिला हळदीकुंकू वाहिलं. संध्याकाळी चहाबरोबर मला हे आनंदाची बातमी म्हणून सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी दार बसवायला आलेल्या कारागिराने टेप दोनदा लावला. "सायेब, काच वाढली का घर बुटकं झालं?"

"वरनं कापा की थोडी," आई म्हणाली.

"टफन काच हाय, काकू. भट्टीतनं निघाली की कापता येत न्हाई. ब्लेड लावलं की ज्वारीच्या लाह्या."

मग उंबरा काढू, असं मी म्हणालो.

"हळदीकुंकू लावलेल्या उंबऱ्यावर छिन्नी? माज्या देखत?" आत्या म्हणाली.

मी वॉकरचं सांगितलं. पुन्हा सांगितलं.

"उचलंल की पाय. फौजी हाय त्यो."

वाईच्या गुरुजींना फोन लावला. त्यांनी आतल्या खोलीला उंबरा नसला तरी चालतो, मुख्य दाराला असला म्हणजे झालं, असा निर्वाळा दिला. आत्याने तो फेटाळला. "मोबाईलवर पूजा सांगतोय त्यो. त्याचं काय घिऊन बसलायसा?"

कारागीर निघून गेला. काच गोधडीत गुंडाळून हॉलच्या भिंतीला टेकवली. दाराच्या जागी चादर लटकली. बाथरूम हॉलच्या पलीकडे. तिथे जायचं तर वडील हाक मारायचे. मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उंबऱ्यावरून पलीकडे घ्यायचो, बायको वॉकर पुढे ठेवायची. येताना पुन्हा तेच. आत्या पाहायची आणि म्हणायची, "जमतंय की."

शनिवारी सकाळी आई वडिलांचा तांब्या भरायला गेली. तो भरलेलाच होता. शुक्रवारीही दिवसभर तो तसाच होता, हे तिला तेव्हा आठवलं.

"पाणी पिला न्हाईसा व्हय?"

"प्यालं की जावं लागतंय," वडील म्हणाले. "जायचं म्हटलं की हाक मारावी लागती."

आई तांब्या घेऊनच बाहेर आली आणि जिन्यातून वर गवंड्याला हाक मारली. आत्या उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली.

"इचार कर, वयनी."

"वन्सं, तुमाला एवढाच लागत असंल तर दगड पिशवीत घालून देते. वाईला न्या."

आईने ओल्या फडक्याने हळदीकुंकू स्वतः पुसलं. मग छिन्नी लागली. दगड अखंड निघाला नाही. रविवारी दुपारी आत्या एसटीने वाईला गेली आणि कारागिराने दार बसवलं.

संध्याकाळी ते आतून उघडलं. वडील वॉकर घेऊन बाहेर आले, कुणालाही हाक न मारता बाथरूमला गेले, परत आले आणि दार लावून घेतलं.