पिंकीचं पत्रक

भोपाळच्या बिट्टन मार्केटमधल्या भिंतीवर पत्रक लावताना खळीचा वास आला आणि नेहरू नगरमधली ती दुपार आठवली.

बालगृहातली पिंकी वर्षभर आमच्याकडे राहिली होती. त्या दिवशी तिला परत न्यायला तिथल्या बाई येणार होत्या. बाबांची चळवळीची पत्रकं बघत वाढलेल्या मला वाटायचं, खरं लिहून लावलं की पुरे. मी दारावर चिकटवलं: ‘पिंकी कुठेही जाणार नाही!’ मग आम्ही टीव्हीवर आमची लाडकी विनोदी मालिका लावली. तीत परग्रहावरचे आईबाप अनाथ मुलांना सांभाळायचे.

“दीदी, इन्हें कोई लेने नहीं आता?” पिंकीने विचारलं.

बाईंनी दारातच पत्रक वाचलं. “लिखावट अच्छी है, बेटा,” म्हणाल्या आणि पिंकीची पिशवी उचलली.

बाबांनी दार उघडून धरलं. जाताना पिंकीने पत्रकाचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून नीट बसवला.