अलार्म वाजला तरी नायिका पिंजऱ्यात

अलार्म वाजला आणि कोणीच बाहेर आलं नाही.

मी हार्लेममधल्या एका जुन्या गोदामासमोर फुटपाथवर उभी होते. फोनवर स्टॉपवॉच चालू होतं. शेजारी जागेचा मालक, येरून. आतून सायरन स्पष्ट ऐकू येत होता, बाहेरचं दार सताड उघडं होतं. ठरलेली वेळ संपली. मग तिच्या दुप्पट झाली. येरून आधी माझ्याकडे बघून हसला. थोड्या वेळाने हसायचा थांबला आणि आत पळाला. त्याच्यामागे मीही गेले.

आग लागली नव्हती. हे ड्रिल होतं, म्हणजे सराव. मी फायर सेफ्टी अ‍ॅडव्हायझर आहे. इमारतीत आग लागलीच तर माणसं किती लवकर बाहेर पडतील, हे आधी तपासायचं आणि लिहून द्यायचं, हे माझं काम. आमचा रिपोर्ट बघून गेमेंटे, म्हणजे इथली डच नगरपालिका, परवानगी देते. बहुतेक वेळा मी ऑफिसं आणि शाळा बघते. दाराची रुंदी, जिन्याच्या पायऱ्या, माणसं किती, मिनिटं किती. कंटाळवाणं काम आहे आणि मला ते आवडतं.

येरूनची जागा मात्र एस्केप रूमची होती. लोक पैसे भरून स्वतःला एका खोलीत कोंडून घेतात, कोडी सोडवतात आणि तासाभरात बाहेर पडायचा प्रयत्न करतात. वरच्या मजल्यावर एक माणूस कॅमेऱ्यातून सगळं बघत असतो. कोणी अडलं तर तो स्पीकरवरून हिंट देतो. त्याला गेम मास्टर म्हणतात. येरूनने नवी खोली काढली होती. गोष्ट अशी, की तस्करांच्या कप्तानाने एका तरुणीला जहाजाच्या तळाशी पिंजऱ्यात बांधून ठेवलं आहे. खेळणाऱ्यांनी किल्ल्या शोधून तिला सोडवायचं. इतरांकडे अशा ठिकाणी पुतळा ठेवतात. येरूनकडे खरी नटी होती आणि तीच त्याची जाहिरात होती.

ही गोष्ट आपल्याला कोणी सांगायला नको. आपण लहानपणापासून पाहिलेल्या सिनेमांत शेवटच्या भागात नायिका एखाद्या गोदामात खुर्चीला बांधलेली असायचीच. आजूबाजूला रिकामी पिंपं. ती ओरडायची, व्हिलन हसायचा, नायक काच फोडून आत यायचा. पोलीस सगळं आटोपल्यावर. त्या गोदामाला दुसरं दार आहे का, हे विचारावंसं मला तेव्हा कधी वाटलं नाही. आता तेच विचारायचे पैसे मिळतात.

पहिल्यांदा खोली बघायला गेले तेव्हा दोर खरा होता. पिंजऱ्याला साधं कुलूप, आणि त्याची किल्ली वर गेम मास्टरच्या खिशात. मी डचमध्ये विचारलं, हा माणूस चक्कर येऊन पडला तर? येरून म्हणाला, तो तरुण आहे, त्याला चक्कर येत नाही. मी वहीत लिहायला लागले. तेवढ्यात पिंजऱ्यातून मराठीत आवाज आला.

"तुमच्या बॅजवर नाव वाचलं. ताई म्हणू का मॅडम?"

"काकू सोडून काहीही चालेल," मी म्हटलं.

तिचं नाव शर्वरी. नाशिकची. कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धांमधून कामं केलेली. लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर इकडे आली, त्याला सहा वर्षं झाली होती. डच शिकली होती, पण बोलायला लागली की समोरचा इंग्रजीवर यायचा. दुकानांत, रिसेप्शनवर, सगळीकडे अडलं ते उच्चारांवर. ही नोकरी मात्र लगेच मिळाली.

"बांधलेल्या बाईला कुठलाही अ‍ॅक्सेंट चालतो, ताई," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

तिचा करार तात्पुरता होता. खोलीला परवानगी मिळाली की येरून तिला वर्षाचा करार देणार होता. तिच्या नावावरचा या देशातला पहिला. तिने हे सहज सांगितलं, पण सांगताना माझ्या वहीकडे बघत होती.

मीसुद्धा अशीच आले होते. पुण्याची सिव्हिलची डिग्री बॅगेत, आणि पहिली काही वर्षं स्वयंपाकघर आणि डचचा क्लास. माझी पहिली पे स्लिप मी फ्रिजवर लावली होती. नवरा म्हणाला होता, आकडा पाहुण्यांना दिसेल. मी म्हटलं, दिसू दे. त्यामुळे शर्वरीच्या कराराचं वजन मला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. ते रिपोर्टमध्ये धरायचं नसतं, हेही माहीत होतं.

पहिली दुरुस्ती सोपी होती. खऱ्या दोराच्या जागी मागून वेल्क्रो लावलेला दोर आणला. हिसका दिला की सुटतो. कुलुपाच्या जागी मॅग्नेटिक लॉक. ते विजेवर बंद राहतं. अलार्म वाजला की वीज तुटते आणि दार आपोआप मोकळं होतं. म्हणजे प्रसंग आला तर शर्वरीला कोणी सोडवायची गरज नव्हती. ती स्वतः उठून चालत बाहेर येऊ शकत होती. येरूनने सगळं वेळेत केलं. आता फक्त ड्रिल उरलं होतं. ते न सांगता घ्यायचं असतं. फक्त शर्वरी, येरून आणि गेम मास्टर यांना माहीत.

त्या दिवशी आत झुइडास या ऑफिसांच्या भागातल्या एका बँकेतले चौघे होते, टीम आउटिंगला आलेले. आत काय झालं ते मी नंतर रेकॉर्डिंगवर नीट पाहिलं.

अलार्म वाजला. लॉक सुटलं. शर्वरीने हिसका देऊन दोर काढला, पिंजऱ्याचं दार ढकललं आणि इंग्रजीत म्हणाली, "हा खरा अलार्म आहे. माझ्यामागून बाहेर चला." अगदी ठरल्याप्रमाणे.

चौघे तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्यातला उंच माणूस म्हणाला, "ट्रॅप आहे. ही कप्तानाला सामील आहे."

दोघांनी पिंजऱ्याचं दार बाहेरून दाबून धरलं. तिसरी बाई कप्तानाची पेटी उचकटायला लागली. चौथा सायरनच्या आवाजात काही कोड आहे का, ते मोजत होता. गेम मास्टर स्पीकरवरून ओरडला, इमारतीबाहेर पडा. त्यांनी हिंटबद्दल त्याचे आभार मानले.

येरून आणि मी आत पोचलो तेव्हा दार अजून दाबलेलंच होतं. आत शर्वरी कंबरेवर हात ठेवून उभी.

"किती वेळा सांगितलं यांना," ती मला मराठीत म्हणाली. "मी बांधलेली होते तोवर सगळ्यांचा विश्वास होता. सुटले, की संशय."

उंच माणसाने मनापासून माफी मागितली. तो म्हणाला, ती फारच सहज सुटली ना, म्हणून. तो बँकेत रिस्क डिपार्टमेंटला होता.

एका ड्रिलवरून मी निकाल देत नाही. एकदा घडलं ते अपवादही असू शकतं. दुसऱ्या ड्रिलच्या आधी येरूनने स्वतः खेळणाऱ्यांना बजावलं, की अलार्म खेळाचा भाग नाही, वाजला तर सरळ बाहेर. या वेळी एक वडील आणि त्यांच्या दोन मोठ्या मुली होत्या. वडिलांनी मान डोलावली. सायरनबरोबर सगळे पांढरे दिवे लागतील, असंही मी करून घेतलं होतं.

अलार्म वाजला. दिवे लागले. वडील पिंजऱ्याकडे धावले आणि थेट आत शिरले. त्यांच्यामागे मुली, बाबांना बाहेर ओढायला. शर्वरी दोर काढून बाहेर येत होती. त्या अरुंद दारात चौघेही अडकले. कोणालाच ना पुढे जाता येत होतं, ना मागे.

नंतर मी त्या गृहस्थांना विचारलं, अलार्म खरा आहे हे कळलं नव्हतं का?

"कळलं होतं," ते म्हणाले. "पण बांधलेल्या बाईला आत टाकून मी बाहेर कसा जाऊ?"

माणूस म्हणून ते बरोबर होते. माझ्या हिशेबात मात्र चार माणसं एका पिंजऱ्यात होती आणि दार कोंडलेलं होतं. लॉकमध्ये दोष नव्हता, दिव्यांत नव्हता, रुंदी मी पुन्हा मोजली, तीही नियमात होती. दोष गोष्टीत होता. तिथे सोडवण्यासारखं जिवंत माणूस बसलं असेपर्यंत लोक आधी बाहेर पडणार नव्हते.

संध्याकाळी शर्वरी आणि मी स्टेशनपर्यंत सायकली हातात धरून चालत गेलो. वाटेत तिने विचारलं, मी हे सगळं असंच लिहिणार का. मी म्हटलं, जे दिसलं ते लिहावं लागेल. उद्या खरंच आग लागली तर तूच आत असशील.

"ते कळतंय," ती म्हणाली. "पण मग माझी नोकरी गेलीच ना, ताई?"

तेव्हाच मला एक सुचलं. ती पिंजऱ्यात कशाला हवी? कैदेतून निसटलेली म्हणून ती पहिल्यापासून खेळणाऱ्यांबरोबर असू दे. बाहेर पडायचा रस्ता तिलाच माहीत आहे, असं दाखवायचं. मग अलार्म वाजला की लोक तिच्याच मागे बाहेर येतील. नियमाच्या दृष्टीने याहून चांगलं काय? आत एक प्रशिक्षित माणूस कायम सोबत. शर्वरी तिथेच थांबली. सायकल कठड्याला टेकवली आणि तिने मला उभ्या उभ्या प्रवेश करून दाखवला. ती जहाजावरची स्वयंपाकीण होती, कप्तानाचं जेवण खारट करून पळालेली. बाजूने जाणारे डच लोक वळून बघत होते. मी खूप दिवसांनी इतकी हसले.

रिपोर्टमध्ये मी हा एकच पर्याय लिहिला आणि माझी बॉस मार्लूसकडे पाठवला. तिने बोलावून घेतलं.

"जिवंत माणूस काढून पुतळा ठेवला तरी धोका जातो, बरोबर?"

"जातो."

"मग ते का लिहिलं नाहीस?"

मी म्हटलं, लिहिलं तर मालक तेच करेल, ते स्वस्त पडतं.

"तो त्याचा निर्णय," मार्लूस म्हणाली. "आपल्याला माहीत असलेला योग्य पर्याय ग्राहकापासून लपवायचा नाही."

तिचं म्हणणं खोडून काढता येण्यासारखं नव्हतं. माझ्या हाताखालच्या कोणी असं केलं असतं तर मीही हेच बोलले असते. मी दुसरा पर्याय लिहिला. एकच ओळ लागली.

रिपोर्ट द्यायला मी स्वतः हार्लेमला गेले. तसं सहसा जात नाही, ईमेल करते. पहिला पर्याय येरूनला शक्य तितका समजावून सांगितला. खेळ वेगळा होईल, लोक दुसऱ्यांना सांगतील, वगैरे. विक्री हे माझं काम नाही आणि ते जमतही नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. येरून दुष्ट माणूस नाही. त्याने कॉफी दिली, सोबत बिस्किटही दिलं.

"लोक माझ्याकडे तिला सोडवायला येतात," तो म्हणाला. "ती सुटलेलीच असेल, वर त्यांना रस्ता दाखवत असेल, तर त्यांनी काय करायचं?"

"तिच्याबरोबर बाहेर पडायचं."

"ते तर घरीही करता येतं."

मी म्हटलं, निदान महिनाभर करून बघ. तो म्हणाला, पुतळा पुढच्या आठवड्यात येतोय. मला भेटायच्या आधीच, आमच्या ऑफिसातून ईमेलने गेलेला मसुदा वाचून, त्याने तो मागवला होता.

शर्वरीला त्याने त्याच दिवशी सांगितलं. मी तिला दोन दिवसांनी फोन केला. आधी करायला हवा होता, पण काय बोलायचं ते ठरत नव्हतं. तिने मलाच कशा आहात विचारलं. मी म्हटलं, मला वाईट वाटतंय.

"तुमचं बरोबर होतं, ताई. त्याचंही त्याच्या परीने बरोबर होतं. माझ्या नवऱ्यालाही वाटतं, की तिथे बसणं धोक्याचंच होतं." मग ती म्हणाली, "सगळेच बरोबर असले, की भांडायचं कोणाशी?"

मी दुसरीकडे कुठे कामाचं कळलं तर सांगेन म्हटलं. ती हो म्हणाली. अजून तरी मला तसं काही कळलेलं नाही.

शेवटचं ड्रिल मीच घेतलं. मार्लूस म्हणाली होती दुसऱ्या कोणाला पाठवू, पण काम अर्धवट सोडलेलं मला आवडत नाही. पिंजऱ्यात पुतळा बसवलेला होता. केस लांब, अंगावर शर्वरीचाच पोशाख. पोटात स्पीकर होता आणि त्यातून इंग्रजीत "वाचवा, वाचवा" असा आवाज येत होता. आवाज देणाऱ्या बाईचे उच्चार उत्तम होते.

अलार्म वाजला. खेळणारे सहा जण होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि रांगेने बाहेर आले. एकाने जाताना खुंटीवरचं जॅकेटही घेतलं. ठरलेल्या वेळेतली चांगली शिल्लक उरली. येरूनने माझा हात हातात घेऊन आभार मानले. आत सायरन बंद केला तरी पुतळा ओरडतच होता. त्याची वायर वेगळी होती. ती अलार्मला जोडून घ्या, असं मी सांगितलं आणि सही केली.

तेव्हापासून रिपोर्टमध्ये दोन पर्याय लिहायची वेळ आली की त्यातला स्वस्त कोणता, ते मी आधी बघते. तोच होणार, हे धरून चालते. तो गाळता येत नाही, कारण तो चूक नसतो. येरूनची खोली आता जोरात चालते, बुकिंग मिळत नाही म्हणे. आमच्या नियमांत बसणारी नायिका एकच, जिला सोडवायला कोणी थांबत नाही.